उजव्या दाराची फळी

हिंदुराव: नाथा, तो चिकटवायचा सरस आधी खाली ठेव.

नाथाजी: आत्ता कसा ठेवू मालक? गार झाला की दही हुतंय त्याचं. मंग परत तापवा, परत ढवळा.

हिंदुराव: ठेव म्हणतोय ना.

नाथाजी: एक बाजू झाली बगा. शिकंज्यात चांगली बसलीया. आता उलटी करायची, दुसऱ्या बाजूला प्लाय मारायची, की मोकळा झालो. मंग तुमच्या ऑफिसाच्या दारांना हात घालतो.

हिंदुराव: ही कुणाची फळी?

नाथाजी: इसरला व्हय? आमच्या राहीच्या भाचीचं कपाट. तुमीच म्हणाला, सागाच्या कापातलं तुकडं पडून हायत, घे. डावं दार झालं. ही उजव्या दाराची. गाभ्याच्या पट्ट्या राहीनंच घरी बसून जुळवून दिल्यात. ही गेरूची खूण तिची. म्हायारला जायच्या आदल्या दिशी करून ठिवली.

हिंदुराव: राहीबाई अजून माहेरीच आहे?

नाथाजी: व्हय. भाताची झोडणी चाललीया त्यांची. शनिवारी येणार हुती, भावानं दोन दिस ठेवून घेतली. आज पाचच्या गाडीनं यील.

हिंदुराव: पहाटे हललं ते कळलं का तुला?

नाथाजी: न कळायला काय झालं? उतरंडीचं वरचं गाडगं पडलं. समदी गल्ली रस्त्यावर आली हुती. मी बी आलो. थोडा वेळ हुबा ऱ्हायलो, मंग आत जाऊन खापऱ्या गोळा केल्या. ती आली की बोलंल म्हणून. आठला हितं आलो, सरस चढवला.

हिंदुराव: आपल्याकडं काहीच नव्हतं ते.

नाथाजी: म्हंजी?

हिंदुराव: मूळ तिकडं होतं. कोयनेला. रेडिओवर सकाळपासून सांगतायत. घरं पडलीत.

नाथाजी: कोयनानगर लय वर ऱ्हायलं. आमची सासुरवाडी अलीकडं हाय.

हिंदुराव: किती अलीकडं?

नाथाजी: असंल पाच-सहा मैल.

हिंदुराव: नाथा, बाहेर एक ट्रकवाला उभा आहे. पाटणहून आलाय. तुझ्या मेव्हण्यानं, हवालदारानं, त्याच्याजवळ चिठ्ठी दिलीय.

नाथाजी: काय लिवलंय?

हिंदुराव: तू जा त्याच्याबरोबर. तो लगेच परत निघालाय.

नाथाजी: काय लिवलंय मालक? द्या हिकडं. मला वाचता येतं.

हिंदुराव: घे.

नाथाजी: "आपली राही वारली. लगेच या. धोंडिराम." एवढंच?

हिंदुराव: एवढंच.

नाथाजी: त्यांच्या भावकीत दुसरी कोण राही हाय का?

हिंदुराव: ते तू सांगायचं रे.

नाथाजी: न्हाई. दुसरी न्हाई.

हिंदुराव: चल. हात पूस.

नाथाजी: मंग ही फळी? एकाच बाजूला प्लाय बसलीया. दुसरी आजच्या आज बसली न्हाई तर वाकंल ती.

हिंदुराव: वाकू दे.

नाथाजी: सरसाखालचा जाळ काढा मालक. करपंल.

हिंदुराव: काढतो. तू जा.

* * *

(चार महिन्यांनी, चैत्रात. सांगलीतला हिंदुरावांचा तोच लाकूडकामाचा कारखाना. भिंतीला एक वाकलेली फळी टेकवून ठेवलेली. राहीबाईचा थोरला भाऊ धोंडिराम, पलटणीतून पेन्शनीत आलेला, दारात.)

धोंडिराम: दाजी, हायसा का आत?

नाथाजी: कोण, पाव्हणं? या, या. कळवायचं तरी. तितं नगा बसू, भुसा हाय. ह्या पेटीवर बसा.

धोंडिराम: सहा महिनं बर्फात काढल्यात. भुश्याला काय भ्यायचं?

नाथाजी: सासूबाई कशा हायत?

धोंडिराम: म्हातारी हाय तशीच. सरकारनं पत्र्याची शेड दिलीया, त्यात ऱ्हातो समदी. दुपारी पत्रा तापला की ती जांभळीखाली जाऊन बसती. घर बांधायचं काढलं की म्हणती, मला ह्यो पत्राच बरा, पडला तरी वाजंल आधी.

नाथाजी: आन तुमची मनु?

धोंडिराम: तिचंच बोलाय आलोय. वैशाखात लग्नाची तारीख धरली. पोराकडचं लोक म्हणालं, थांबलो तेवढं पुरं. तुमाला न इचारता धरली, राग न्हाई न्हवं?

नाथाजी: राग कसला? राहीचीच घाई चालली हुती. मनुचं उरकू द्या, मनुचं उरकू द्या. आमाला पोटचं न्हाई, मनुच तिची.

धोंडिराम: जेवता कुटं?

नाथाजी: दुपारचं ष्टँडमागच्या खानावळीत. रातच्याला घरी करतो. पिठाचा अंदाज अजून दोघांचाच पडतोय. उरलेली भाकरी सकाळी खातो.

धोंडिराम: आमच्याकडं चला म्हणलं असतं. पण आमीच पत्र्याखाली.

नाथाजी: व्हय. तुमच्या शेडात आनि एक खाट कुटं टाकणार?

धोंडिराम: टाकू की. पलटणीत एका तंबूत बारा माणसं झोपायचो. एकटं मातूर ऱ्हाऊ नगा, दाजी.

नाथाजी: दिवसभर हितं असतो. घरी गेल्यावर तेवढं. कडी मीच काढायची, दिवा मीच लावायचा. हुईल सवय.

धोंडिराम: बरं, कामाचं बोलतो. घर परत काढलंय. त्याच जागी. पाया झाला. गवंडी तोच, तात्याबा. मला तीन दारं पायजेत, एक बाहीरचं आन दोन आतली. पण जुन्यासारकी जड फळ्यांची नगं. हलकी पायजेत.

नाथाजी: हलकी म्हंजी किती?

धोंडिराम: अंगावर पडलं तरी माणूस मरू नये, एवढी.

नाथाजी: बरं.

धोंडिराम: तुमच्याकडं ते पोकळ दार असतं म्हणं. आमच्या बराकीत हुतं तसलं. बाहीरनं बघावं तर भक्कम, उचलावं तर पोकळ.

नाथाजी: असतं की. ते बगा, तिकडं हुबं हाय. वाजवा.

धोंडिराम: ढोलकीगत वाजतंय.

नाथाजी: आता जरा खाली वाजवा. कडीच्या जागी.

धोंडिराम: हितं वाजंना. भरीव हाय व्हय?

नाथाजी: तितं आत ठोकळा घातलाय. न्हाईतर कडीचा स्क्रू कशात धरंल? बाकी आत नुसती पट्ट्यांची जाळी. कडंनं चौकट, मधी जाळी, दोन्ही अंगाला एक सुताची पातळ प्लाय. आतल्या खोलीला झकास. बाहीरच्या दाराला न्हाई देणार मी. तुमच्याकडचा पाऊस खाऊन टाकील त्याला. बाहीर सागाचंच लावा.

धोंडिराम: तुमी अजून बोटानं वाजवूनच बघता समदं? लग्नात आमच्या दाराला टकटक करीत हुता. आई म्हणाली, जावई बघाय आलाय का कलिंगडं घ्याय?

नाथाजी: राहीनं बी लय दिस चिडवलं त्यावरनं. मंग तिलाच नाद लागला. घरात बसल्या बसल्या सांगायची, हे आंब्याचं, हे सागाचं, ह्यात गाठ हाय.

हिंदुराव: कोण पाहुणे, नाथा? हवालदार होय? चहा सांगितलाय. बरं झालं आलात. आता तुम्हीच सांगा ह्याला.

धोंडिराम: काय सांगू?

हिंदुराव: ही फळी. चार महिने माझी भिंत अडवून बसलीय. मी म्हटलं दुसरी बाजू लाव, नाहीतर फोड आणि नवीन कर. ना लावतो, ना फोडतो. उद्या मुंबईहून तयार फळ्यांची गाडी येतेय, त्या ठेवू कुठं?

धोंडिराम: तयार फळ्या कसल्या?

हिंदुराव: हा नमुना बघा. उसाच्या चिपाडाचा भुगा करायचा, त्यात डिंक घालायचा आणि दाबायचा. गाठ नाही, चीर नाही. पट्ट्या कापा, जुळवा, रंधा मारा, काही नको. आणा आणि कापा.

धोंडिराम: म्हंजी रस प्यालो, साखर खाल्ली, आता चिपाडाच्या टेबलावर जेवायचं?

हिंदुराव: जेवा की. वरनं सागाचा पापुद्रा लावला तर तुम्हाला कळणारसुद्धा नाही.

नाथाजी: पाणी सांडलं की कळंल. पापडागत फुगती ती. आन कडंला खिळा मारून बगा, धरतोय का.

हिंदुराव: ऐकलंत? मालक मी आणि बोलणं ह्याचं. दप्तरं ठेवायच्या कपाटाला कशाला लागतंय पाणी?

नाथाजी: त्याला चालंल. मी कुटं न्हाई म्हणलो? पोरीच्या कपाटाला न्हाई चालायची.

हिंदुराव: मग पोरीचं कपाट पुरं कर की बाबा. एवढंच म्हणणं आहे माझं. बसा हवालदार, चहा येईल. मी जरा स्टेशनवर जाऊन येतो.

धोंडिराम: दाजी, हीच फळी व्हय मनुच्या कपाटाची?

नाथाजी: व्हय. उजव्या दाराची.

धोंडिराम: अशी वाकली कशानं?

नाथाजी: एकाच बाजूला प्लाय हाय म्हणून. सरस सुकताना वढतो. दोन्हीकडनं प्लाय असली की दोन्हीकडनं सारकं वढलं जातं, फळी सरळ ऱ्हाती. एका बाजूनंच वढलं की झालं, उघड्या अंगाला पोट येतं. म्हणून दोन्ही बाजू एकाच दिशी लावायच्या. त्या दिशी एकच झाली. मंग ट्रकवाला आला.

धोंडिराम: आन ह्या लाल खुणा?

नाथाजी: हात नगा लावू. गेरू हाय, पुसतो.

धोंडिराम: न्हाई लावत. कुणी केल्यात?

नाथाजी: राहीनं. हे बगा, गाभा म्हंजी ह्या पट्ट्या, एकाला एक चिकटवलेल्या. पट्टीच्या टोकाला लाकडाच्या वळ्या दिसतात. वळी वाडग्यागत वर तोंड करून असली तर ती उताणी. उलटी असली तर पालथी. एक उताणी, तिच्याशेजारी पालथी, परत उताणी, अशा लावायच्या. समद्या उताण्या लावल्या तर समद्या एकाच अंगाला वळत्यात. टिकली म्हंजी उताणी, रेघ म्हंजी पालथी. तिला लिवाय येत न्हवतं, मंग तिनं तिचं काढलं.

धोंडिराम: टिकली, रेघ, टिकली, रेघ. आन ह्या कडंच्या पट्टीला काय न्हाई.

नाथाजी: तितं टोकालाच गाठ हाय. वळी कळंना. म्हणाली, ऱ्हाऊ द्या, आल्यावर उजेडात बघते. मी तशीच अंदाजानं लावली.

धोंडिराम: मंग दुसरी बाजू का न्हाई लावत?

नाथाजी: लावली की ह्या झाकतील.

धोंडिराम: व्हय.

नाथाजी: एकोणीस पट्ट्या हायत. अठरा खुणा. डाव्या दारात बी हुत्या, ते आधीच बंद झालं, तवा काय वाटलं न्हाई. फोटू आमी काढलाच न्हाई कवा. जत्रंत म्हणायची, काढू या, मी म्हणायचो पुढच्या सालाला. तिच्या हातचं लिवलेलं म्हणाल तर हे एवढंच.

धोंडिराम: चहा आला बगा. घ्या.

नाथाजी: तुमी घ्या आधी.

धोंडिराम: ठीक हाय. ती आतली दोन दारं पोकळ करा, बाहीरचं सागाचं. माप मी आणलंय.

नाथाजी: पाव्हणं, भिंती कशाच्या काढताय?

धोंडिराम: दगडाच्याच. पडलेला दगड हाय की तितं. दीड हात रुंद, पयल्यासारक्या.

नाथाजी: मधी काय भरणार?

धोंडिराम: मधी काय असतं? दोन्ही अंगाला तोंडाचा चांगला दगड, मधी बारीक दगड आन माती. तात्याबा बघतो ते.

नाथाजी: ह्या अंगाचं त्या अंगाला पोचंल असला लांब दगड घालतो का तो? अधनंमधनं?

धोंडिराम: मला काय ठावं? तुमी का इचारताय? तुमी सुतार माणूस.

नाथाजी: पोकळ वाईट न्हाई पाव्हणं. ह्या दारात जाळी हाय, ती दोन्ही प्लायना धरून असती. न धरलेलं पोकळ वाईट. तुमच्या मागल्या भिंतीत धरणारा दगड एक बी न्हवता. दोन बारक्या भिंती शेजारी शेजारी हुब्या हुत्या, मधी माती.

धोंडिराम: ते पडल्यावर समद्यांनीच बघितलं.

नाथाजी: मी आधी बघितलं हुतं.

धोंडिराम: आधी म्हंजी कवा?

नाथाजी: आदल्या सालच्या दिवाळीला. आंघोळीला परड्यात बसलो हुतो. ऊन तिरकं पडलं हुतं भिंतीवर. मधी पोट आलेलं दिसलं. बारीकच. पण आमच्या डोळ्याला दिसतं. तांब्या हुता हातात, त्यानं वाजवून बघितलं. खाली ठणठण वाजली, छातीच्या उंचीला आवाज बसला.

धोंडिराम: आन तुमी बोलला न्हाई.

नाथाजी: न्हाई.

धोंडिराम: का?

नाथाजी: जावई माणूस. सासुरवाडीत भाजीत मीठ न्हाई म्हणू नये, तितं भिंतीला पोट आलंय कसं म्हणणार?

धोंडिराम: मीठ आन भिंत एक हाय व्हय दाजी?

नाथाजी: न्हाई.

धोंडिराम: पलटणीतनं आल्यापासनं चार दिवाळ्या तुमच्या पायावर पाणी घातलं मी. वाईट बोलला असता तर काय मी हाकललं असतं?

नाथाजी: न्हाई हाकललं असतं.

धोंडिराम: मंग?

नाथाजी: राहीला बोललो हुतो. परत येताना, येष्टीत. ती म्हणाली, तुमी गप बसा. दादानं पलटणीतनं आल्यावर डोक्यावर दगड वाहिल्यात त्या घराला. तुमच्या तोंडनं ऐकलं तर त्याला लागंल. मी सांगीन येळ बघून.

धोंडिराम: तिनं न्हाई सांगितलं.

नाथाजी: मला वाटलं सांगितलं. मी परत इचारलं न्हाई.

धोंडिराम: म्हंजी राहीला ठावं हुतं.

नाथाजी: व्हय.

धोंडिराम: थांबा. थांबा जरा.

नाथाजी: पाणी देऊ?

धोंडिराम: नगं. दाजी, ती भिंत म्हंजी मनुच्या अंथरुणाची. मनु रोज तितंच झोपायची, भिंतीला पाठ लावून. राही आली की दोघी एकाच वाकळंवर. शनिवारी रातच्याला मनु डोळं मिटून पडली हुती, तर राहीनं तिला उठवलं. म्हणाली, सर अलीकडं, भिंतीकडं मी झोपती. मनु म्हणाली, आत्ते, ही माजी जागा. तर म्हणाली, तितं ऊब असती गं, मला म्हातारीला लागती. आमी हसलो. चाळिशीच्या आतली बाई, म्हातारी कसली.

नाथाजी: शनिवारी?

धोंडिराम: आन ऐतवारी बी. ऐतवारी मनु आपसूक अलीकडं झोपली. भिंतीतनं दोन दिस माती गळत हुती. सकाळी उठून राही झाडून काढायची. मला म्हणाली, दादा, उंदीर झाल्यात काय बग. मी म्हणालो, बघतो झोडणी झाल्यावर. जमीन तर आमच्याकडं रोजच गुरगुरायची, त्याची सवय हुती.

नाथाजी: तिनं सांगाय घेतलं असंल तुमाला.

धोंडिराम: व्हय. उंदरावरनं सुरू केलं असंल. मी दुसरीकडंच गेलो.

नाथाजी: अंथरूणच हलवा म्हणली असती.

धोंडिराम: आईनं घातलेलं अंथरूण. पाव्हणी म्हणून आलेली लेक, ती कुणाला हलवा म्हणंल? तिला पोरीला सरकवता आलं, तेवढं सरकवलं.

नाथाजी: मनुला लागलं न्हाई काय बी?

धोंडिराम: खांद्याला खरचटलं. तिच्यावर वासा आडवा आला, त्याखाली राहिली. पलीकडची समदी भिंत राहीवर. आमी चार महिनं म्हणतोय, ऊब बघितली आन घात झाला. मनु सोता म्हणती, आत्तेला मी जागा दिली न्हसती तर. रडती त्याच्यावरनं.

नाथाजी: तिला हे सांगणार?

धोंडिराम: सांगाय पायजे. तिनं जागा दिली न्हाई, राहीनं घेतली. पण लग्नाच्या तोंडावर कसं सांगू? मला तर शनिवारी जाती म्हणत हुती ती. मीच म्हणालो, सोमवारी जा, भात घरात यीऊ दे.

नाथाजी: मी पहाटं हललं तरी कामावर आलो. सकाळीच निघालो असतो तर दुपारला पोचलो असतो.

धोंडिराम: पोचून काय केलं असतं?

नाथाजी: काय न्हाई. पण निघालो असतो.

धोंडिराम: तात्याबाला काय सांगू ते सांगा. नीट सांगा, मी तिखट मीठ लावून सांगतो त्याला.

नाथाजी: दर दोन हातावर एक लांब दगड. आरपार. ह्या अंगानं टोक दिसलं पायजे, त्या अंगानं बी. दगड न्हाई मिळाला तर मी सागाच्या आडव्या पट्ट्या करून देतो. कोपऱ्याला दोन्ही भिंती एकमेकीत गुतवाय सांगा. आन भिंत छातीला आली की मला कार्ड टाका.

धोंडिराम: कशाला?

नाथाजी: येतो. वाजवून बगतो.

धोंडिराम: तात्याबाचं तोंड बघण्यासारकं हुईल.

नाथाजी: हुऊ द्या. बरी न्हाई वाटली तर उतरवा म्हणीन.

धोंडिराम: म्हणा. मी बी उतरवीन. आन भाजीत मीठ न्हसलं तर ते बी म्हणा.

नाथाजी: ते तुमच्या बायकूला न्हाई म्हणायचो.

धोंडिराम: ती फळी सरळ हुईल का, दाजी?

नाथाजी: हुईल. प्लायच्या बाजूला ओलं फडकं घालायचं, वरनं वजन ठेवायचं. आठ-दहा दिस.

धोंडिराम: मी हाय तवर घालू या. एकट्याला उचलती का?

नाथाजी: उचलती. पण धरा तुमी.

धोंडिराम: कुटं धरू?

नाथाजी: त्या टोकाला. खालनं. वर हात नगा. थांबा, खुणांवर कोरडा कागद टाकतो, त्यावर लाकूड ठेवू. हां. आता सोडा हळू.

धोंडिराम: आनि एक ठोकळा ठेवू?

नाथाजी: मधी ठेवा. बास.

धोंडिराम: सरळ झाली की दुसरी बाजू लावणार न्हवं?

नाथाजी: तुमची गाडी कितीची?

धोंडिराम: पाचची.

नाथाजी: मंग निघा. कराडला पुढची मिळायची न्हाई. ह्या पिशवीत मनुला बांगड्या हायत. राहीनं मिरजंत घेऊन ठिवल्या हुत्या.

धोंडिराम: देतो. मनु दारातच इचारंल, कपाट झालं का म्हणून. काय सांगू तिला?

नाथाजी: सांगा, कपाट हुबं हाय. डावं दार बसलंय. उजव्या दाराची एक बाजू लावायची ऱ्हायलीया.